वळणावर कलणारी मोटार आणि वाकवलेली पोलादी दांडी

खंडाळ्याच्या घाटातून एस.टी.ने प्रवास करताना तुम्ही एक अनुभव नक्की घेतला असेल. गाडी डावीकडे वळली की शेजारचा प्रवासी आणि त्याची पिशवी उजवीकडे कलतात, आणि खिडकीपाशी बसलेल्याची अडचण होते. केवळ प्रवासीच नव्हे, तर सारी गाडीच उजवीकडे झुकते. बाहेर उभे राहून पाहिले तर उजवीकडच्या स्प्रिंगा दबलेल्या आणि डावीकडच्या सैल झालेल्या दिसतात. हे कलणे कमी करण्यासाठी बहुतेक मोटारींच्या पोटाखाली एक वाकवलेली पोलादी दांडी बसविलेली असते. गॅरेजमध्ये तिला स्टॅबिलायझर रॉड म्हणतात, पुस्तकांत अँटी-रोल बार. आज आपण या दांडीचा विचार करणार आहोत.

विषय सुचला तो माझ्या एका माजी विद्यार्थ्यामुळे. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागल्यावर त्याने एक जुनी लहान मोटार घेतली आणि तिला 'स्पोर्ट्स कार' करण्याचा ध्यास घेतला. कोणीतरी त्याला मागच्या चाकांसाठी जाड स्टॅबिलायझर दांडी आणि इंजिनाच्या वर बसणारी एक आडवी पट्टी विकली. "सर, आता गाडी रुळावरून धावल्यासारखी वळते," असे तो मला कौतुकाने सांगून गेला. पुढे पहिल्याच पावसात चाकणहून तळेगावकडे येताना एका वळणावर त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला मात्र, गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला गेला आणि गाडी गर्रकन फिरून आल्या दिशेला तोंड करून उभी राहिली. समोरून ट्रक येत नव्हता म्हणून तो ही हकिगत सांगायला आला. त्याचा प्रश्न साधा होता: गाडी पूर्वीपेक्षा कमी कलत होती, मग ती पूर्वीपेक्षा लवकर का घसरली?

उत्तरासाठी थोडे गणित करावे लागेल. ते नववी-दहावीच्या पलीकडचे नाही.

दांडी जे बदलू शकत नाही

समजा, चालकासह मोटारीचे वस्तुमान ११०० किलोग्रॅम आहे. ती ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर सेकंदाला १२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४३ किलोमीटर वेगाने जात आहे. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की अभिकेंद्री त्वरण मिळते: १४४ भागिले ३०, म्हणजे ४.८ मीटर प्रतिसेकंद वर्ग. हे गुरुत्व त्वरणाच्या जवळजवळ निम्मे झाले. त्यासाठी लागणारे बल ११०० गुणिले ४.८, म्हणजे ५२८० न्यूटन. ते कोण देतो? फक्त रस्ता, टायरच्या घर्षणातून.

आता असे पाहा. हे बल लागते जमिनीपाशी, पण गाडीचा गुरुत्वमध्य असतो जमिनीपासून वर. आपण ती उंची ५५ सेंटिमीटर धरू. त्यामुळे गाडीला वळणाच्या बाहेरच्या बाजूला उलथू पाहणारे परिबल तयार होते: ५२८० गुणिले ०.५५, म्हणजे सुमारे २९०० न्यूटन-मीटर. गाडी उलथत नाही, याचा अर्थ तेवढेच उलटे परिबल कोठून तरी येत असले पाहिजे. ते येते चाकांखालच्या लंब प्रतिक्रियेतून. बाहेरच्या चाकांवरचा भार वाढतो, आतल्या चाकांवरचा तेवढाच कमी होतो. दोन्ही बाजूंच्या चाकांमध्ये १.४५ मीटर अंतर असेल, तर २९०० ला १.४५ ने भागून उत्तर येते २००० न्यूटन. म्हणजे जवळजवळ २०० किलोग्रॅमचे ओझे आतल्या चाकांवरून उचलून बाहेरच्या चाकांवर ठेवल्यासारखे झाले. याला आपण भारांतर म्हणू.

या हिशेबात स्प्रिंगचा ताठरपणा कोठे आला? दांडीची जाडी कोठे आली? कोठेच नाही! वस्तुमान, त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधले अंतर, एवढ्यावर सारे ठरले. गाडी कलल्यामुळे गुरुत्वमध्य किंचित बाहेर सरकतो हे खरे, पण त्याचा वाटा लहान असतो. तेव्हा कलणे कमी झाले म्हणून भारांतर कमी झाले, ही समजूत सोडून द्या. दांडी बसविलेली गाडी ताठ दिसते, पण तिच्या बाहेरच्या चाकांवर जवळजवळ तेवढाच भार पडतो.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. आपल्या गाडीसाठी ०.७२५ भागिले ०.५५, म्हणजे सुमारे १.३. कोरड्या रस्त्यावर साध्या टायरचा घर्षण गुणांक एकच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. म्हणून ही गाडी उलटण्याआधी घसरेल. उंच आणि अरुंद गाडीत हे दोन आकडे जवळ येतात, आणि मग धोका वाढतो. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये एका स्वीडिश मोटार मासिकाच्या चाचणीत मर्सिडीज कंपनीची नवी ए-क्लास मोटार अचानक वळविताना उलटली आणि जगभर गाजली. कंपनीला सस्पेन्शनमध्ये बदल करावे लागले आणि घसरती गाडी एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवावी लागली. गंमत अशी की, याच कंपनीच्या मोटारींची भारतातली जुळणी १९९५ मध्ये आपल्या पिंपरीच्या टेल्को कारखान्याच्या आवारात सुरू झाली होती. २००९ पासून कंपनीचा स्वतःचा कारखाना चाकणला आहे.

आपली तीनचाकी रिक्षा मात्र वेगळाच प्राणी आहे. तिचे पुढचे चाक एकटे, त्यामुळे कलण्याला ते विरोध करूच शकत नाही. सारे भारांतर मागच्या दोन चाकांवर होते. ती उलटते तीही पुढचे चाक आणि मागचे बाहेरचे चाक यांना जोडणाऱ्या तिरप्या रेषेवरून. वजन जितके पुढे, तितकी ही रेषा जवळ. रिक्षावाल्याच्या शेजारी पुढे चौथा प्रवासी बसला की रिक्षा उलटण्याची शक्यता का वाढते, ते एका कागदावर त्रिकोण काढून स्वतःच पाहा.

दांडीचे काम

दांडी इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवलेली असते. मधला लांब भाग गाडीच्या रुंदीभर आडवा जातो आणि दोन ठिकाणी रबरी बुशांत धरलेला असतो. दोन्ही टोकांचे हात लिंक रॉडने डाव्या आणि उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडलेले असतात. अशा रचनेचे पहिले पेटंट २२ एप्रिल १९१९ रोजी कॅनडातील स्टीफन कोलमन यांना मिळाले. म्हणजे कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे.

तिचे वागणे कळण्यासाठी घरी एक प्रयोग करा. सायकलचा जुना आरा घ्या. त्याची दोन्ही टोके पकडीने पाच-पाच सेंटिमीटरवर एकाच बाजूला काटकोनात वाकवा. बॉलपेनच्या रिकाम्या नळीचे दोन तुकडे एका फळीवर चिकटवा आणि आऱ्याचा मधला भाग त्यांतून जाईल असे करा. (नळी आधी ओवा, मग दुसरे टोक वाकवा, आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या खेपेस हे उलटे झाले होते.) आता दोन्ही हात एकदम खाली दाबा. आरा नळीत सहज फिरतो, विरोध होत नाही. एकच हात दाबा, तर दुसराही खाली येऊ पाहतो. दुसरा हात मित्राला घट्ट धरायला सांगा आणि मग पहिला दाबा. आता आऱ्याला पीळ पडतो आणि तो जोराने विरोध करतो.

मोटारीतही हेच घडते. दोन्ही चाके एकदम गतिरोधकावर चढली तर दांडी नुसती फिरते. वळणावर एक चाक वर आणि दुसरे खाली जाऊ लागले की तिला पीळ पडतो आणि ती कलण्याला विरोध करते. मात्र एकच चाक खड्ड्यात गेले तरी पीळ पडतोच, आणि त्या धक्क्याचा काही भाग दुसऱ्या चाकाकडे पोहोचतो. दांडी जितकी ताठ तितका हा त्रास जास्त. अवजड ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर, पावसाळ्याच्या अखेरीस, शर्यतीची दांडी बसविलेली गाडी सरळ रस्त्यावरही उड्या मारते आणि तिचे टायर क्षणाक्षणाला जमिनीवरून सुटतात.

जाडीचा परिणाम केवढा, हे पाहण्यासारखे आहे. भरीव गोल दांडीचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. २० मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटरची दांडी बसविली, तर १.१ चा चौथा घात म्हणजे १.४६, ताठरपणा जवळजवळ दीडपट. २४ मिलिमीटरची बसविली, तर दुपटीहून थोडा जास्त. डोळ्यांना जेमतेम कळणारा चार मिलिमीटरचा फरक, आणि परिणाम दुप्पट! याच नियमामुळे दांडी पोकळ करणे परवडते. आतला व्यास बाहेरच्या निम्मा ठेवला तर पोलाद चौथाईने वाचते, ताठरपणा मात्र फक्त सोळाव्या हिश्श्याने घटतो. हातांची लांबीही महत्त्वाची आहे. हात आखूड केला की ताठरपणा लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. म्हणून शर्यतीच्या दांडीच्या हाताला ओळीने दोन-तीन भोके असतात. लिंक रॉड एका भोकातून दुसऱ्यात हलवला की झाला बदल.

एक सूचना येथेच देतो. ही दांडी उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेल्या स्प्रिंगच्या पोलादाची असते. तिला गॅरेजमध्ये गॅसवर तापवून वाकविणे किंवा तिच्यावर वेल्डिंग करणे म्हणजे ती प्रक्रिया पुसून टाकणे. अशी दांडी काही हजार पिळांनंतर नेमकी त्याच जागी मोडते.

मग घसरली का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकूण भारांतर २००० न्यूटन, ते दांडीने बदलत नाही. परंतु त्यातले किती पुढच्या दोन चाकांमध्ये व्हावे आणि किती मागच्या दोन चाकांमध्ये, हे मात्र दांडी ठरविते. जी बाजू कलण्याला जास्त विरोध करते, ती भारांतराचा मोठा वाटा उचलते. दोन मुले मिळून बाक उचलत असताना एकाने जोर वाढविला की दुसऱ्याचा भार हलका होतो, तसेच हे.

वाटणी बदलल्याने काय बिघडते? तुमच्या पुस्तकात घर्षणाचा नियम आहे: घर्षण बल लंब प्रतिक्रियेच्या समप्रमाणात असते. हा नियम टायरला तंतोतंत लागू असता तर काहीच बिघडले नसते. आतल्या चाकाची जेवढी पकड गेली, तेवढीच बाहेरच्या चाकाला मिळाली असती, आणि बेरीज तीच राहिली असती. पण रबर हा नियम पुरता पाळत नाही. भार दुप्पट केला तर टायरची पकड दुपटीहून थोडी कमी वाढते. या लहानशा त्रुटीवर सारी मेख आहे.

हिशेब मांडून पाहू. समजा, प्रत्येक चाकावर सुरुवातीला २७०० न्यूटन भार आहे. आणि समजा, टायरचा घर्षण गुणांक शून्याजवळच्या भाराला १ असून दर हजार न्यूटनला ०.०४ ने उतरतो. (आकडे समजण्यासाठी घेतले आहेत; खऱ्या टायरचे वेगळे असतील, कल हाच असेल.) २७०० न्यूटनला गुणांक ०.८९२, म्हणून दोन चाकांची मिळून पकड ४८१७ न्यूटन. आता पुढे-मागे सारखे, म्हणजे हजार-हजार न्यूटनचे भारांतर होऊ द्या. बाहेरच्या चाकावर ३७००, आतल्या चाकावर १७००. पकड अनुक्रमे ३१५२ आणि १५८४, बेरीज ४७३६. जोडीमागे सुमारे ८० न्यूटन हरवले. पुढे-मागे सारखेच हरवले, म्हणून गाडीचा तोल राहिला.

आता मागची दांडी जाड करा. मागे १५०० आणि पुढे ५०० न्यूटन भारांतर होऊ द्या. मागच्या बाहेरच्या चाकावर ४२००, आतल्या चाकावर १२००. पकड ३४९४ आणि ११४२, बेरीज ४६३६. पुढच्या जोडीची बेरीज येते ४७९६. मागचा भाग पुढच्यापेक्षा १६० न्यूटनांनी लंगडा झाला. वेग वाढवीत गेल्यास आधी मागची चाके सुटणार आणि गाडी गर्रकन फिरणार. दांडी पुढे जाड केली असती, तर उलट घडले असते. पुढची चाके आधी सुटून गाडी वळायला नकार देत सरळ पुढे गेली असती. हाही दोषच, पण साध्या चालकाला तो सावरणे सोपे असते. वेग कमी केला की गाडी पुन्हा वळू लागते. म्हणून कारखान्यातून निघणाऱ्या गाड्या मुद्दाम किंचित या बाजूला झुकत्या ठेवतात.

तोल न सांभाळल्याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. १९५९ साली जनरल मोटर्सने मागे इंजिन असलेली कॉर्व्हेअर मोटार बाजारात आणली. खर्च वाचविण्यासाठी तिला पुढची दांडी दिली नव्हती. जड मागचा भाग, त्यातच मागच्या चाकांची झुलणारी रचना, आणि पुढे दांडी नाही! १९६४ च्या मॉडेलमध्ये ती दांडी सर्रास बसविली गेली. राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये मोटारींच्या सुरक्षिततेवर पुस्तक लिहिले, त्याचे पहिलेच प्रकरण या गाडीवर होते. मागे इंजिनवाल्या टाटा नॅनोच्या आखणीत, ज्यात पिंपरीच्या अभियंत्यांचा मोठा हात होता, मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद दिले होते: पुढे १३५ मिलिमीटर, मागे १५५. पकडीचा तोल टायरच्या रुंदीनेही साधता येतो, तो असा.

माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीत इंजिन पुढे होते, पुढचा भाग जड. तिच्या मागच्या दोन चाकांना जोडणारी पोलादी तुळई पिळली जाते आणि स्वतःच स्टॅबिलायझर दांडीचे काम करते. आजच्या बहुतेक लहान मोटारींत असेच असते. त्यावर याने आणखी एक जाड दांडी बसविली. कोरड्या रस्त्यावर गाडीचे नाक झटकन आत येऊ लागले, आणि विकणाऱ्याचे बोलणे खरे वाटले. गाडी कमी कलल्याने टायरही रस्त्यावर अधिक सपाट बसत असणार. हा दांडीचा खरा फायदा आहे, तो नाकारता येत नाही. पण पावसात पकड मुळातच कमी. त्यात पाय काढल्याबरोबर भार पुढच्या चाकांकडे सरकला आणि आधीच लंगड्या मागच्या चाकांवरून आणखी उतरला. पुढचे तुम्ही जाणताच.

पट्टीचे काय?

इंजिनावरच्या आडव्या पट्टीला स्ट्रट ब्रेस म्हणतात. ती डाव्या आणि उजव्या सस्पेन्शनची वरची टोके एकमेकांना जोडते. बुटांचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. झाकण काढून त्याची दोन टोके उलटसुलट पिळा, सहज पिळतो. झाकण घालून चिकटपट्टीने बंद करा आणि पुन्हा पिळून पाहा. मोटारीचा सांगाडा असाच खोका आहे. छत कापलेल्या उघड्या गाड्यांना तळाशी जादा आधार द्यावे लागतात ते यासाठीच.

सांगाडा मऊ असेल तर पुढच्या दांडीने लावलेला जोर मागे पोहोचण्याआधी सांगाडाच पिळला जातो. दोन स्प्रिंगा एकीपुढे एक जोडल्यासारखे हे आहे. समजा, सस्पेन्शनचा विरोध दर अंशाला ५०० न्यूटन-मीटर आणि सांगाड्याचा १०,०००. एकत्रित विरोध येतो ४७६. नुकसान फक्त पाच टक्के. शर्यतीसाठी सस्पेन्शन २००० पर्यंत ताठ केले, तर एकत्रित १६६७. नुकसान सतरा टक्के. तेव्हा कोठे सांगाडा बळकट करण्यात अर्थ येतो. चाकणला २०२२ पर्यंत तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलो मोटारींची शर्यतमालिका २०१० पासून भारतात झाली. अशा शर्यतीच्या गाड्यांत आत पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो. तो चालकाचा जीव वाचवितो आणि सांगाडाही ताठ करतो. आजच्या बंद लहान मोटारींचा सांगाडा बहुधा दहा हजारांच्या पुढेच असतो. रोजच्या गाडीला चकचकीत पट्टी लावून जो फरक पडतो, तो मोजपट्टीपेक्षा मनाला जास्त जाणवतो. पट्टीची टोके बोल्टवर हलत असतील तर तेवढाही नाही. आडवी पट्टी आणि दोन बाजू मिळून चौकोन होतो, आणि चौकोन कलतो. पट्टी मागच्या भिंतीलाही जोडून त्रिकोण केला, तर गोष्ट वेगळी. भूमितीच्या तासाला काड्या आणि टाचण्या घेऊन हे एकदा करून पाहा.

शेवटी त्या गाडीचे आम्ही काय केले, ते सांगतो. मागची जादा दांडी काढून टाकली. मूळ रचनेचे भाग पाहिले तेव्हा पुढच्या दांडीचे रबरी बुश झिजून अंडाकृती झाले होते आणि एक लिंक रॉड खडखडत होता. म्हणजे पुढची दांडी निम्मे काम करीतच नव्हती, आणि मागे त्याने दुप्पट चढविली होती! बुश आणि लिंक रॉड नवे घातले. मागचे टायर गुळगुळीत झाले होते, चारही बदलले, आणि हवेचा दाब दारावरच्या तक्त्याप्रमाणे ठेवला. खर्च दांडीच्या किमतीपेक्षा जास्त झाला, तो मुख्यतः टायरांचा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ त्याला वाचून दाखविले. गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करायला ते मनाई करते. पट्टी त्याने ठेवली आहे. शोभेची आहे, असू दे.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. एका दुकानदाराने २० मिलिमीटर जाडीच्या, २५ सेंटिमीटर हाताच्या दांडीऐवजी १९ मिलिमीटर जाडीची आणि २२ सेंटिमीटर हाताची दांडी दिली. मधल्या भागाची लांबी तीच, आणि हात स्वतः वाकत नाहीत असे धरा. नवी दांडी जुनीपेक्षा मऊ की ताठ, आणि किती टक्क्यांनी?